सोसायटी आणि पोलीस ठाणे: समन्वय कसा बसवला

पोलिसांशी समन्वय म्हणजे हॉलमध्ये साहेबांचं व्याख्यान आणि शाल-श्रीफळ, असं बऱ्याच कमिट्या धरून चालतात. पुण्यातल्या आमच्या चार विंगच्या सोसायटीत आम्ही आधी कागद आणि कॅमेरे जागेवर आणले, मग पोलीस ठाण्यात गेलो.

सुरुवात ठरावाने. व्यवस्थापक समितीच्या सभेत दोन समन्वयक नेमून इतिवृत्तात नावं घातली. एक जण गावाला गेला तरी दुसऱ्याने फोन उचलायला हवा. मग लेटरहेडवर वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना पत्र: फ्लॅट किती, गेट किती, कॅमेरे कुठे, सिक्युरिटी एजन्सीचा परवाना क्रमांक, समन्वयकांचे मोबाइल. दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर आवक शिक्का घ्यावा. तिथूनच परत फिरू नका, बीट अंमलदारांना, म्हणजे आपल्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसांना, गाठा. गस्त तेच घालतात. भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर उभ्या केलेल्या, पोलीस आणि रहिवाशांच्या मोहल्ला समित्यांची ताकदही बीटवरच्या पोलिसांच्या रोजच्या ओळखीत होती. १९९२-९३ च्या मुंबईतल्या दंगलींच्या काळात ते शहर शांत राहिलं.

भाडेकरूंची माहिती पोलिसांना कळवणं हे घरमालकाचं काम. ऑनलाइन भरता येतं. घोळ होतो तो शेअरिंगमध्ये: करारात एकाचं नाव, राहायला चौघे. म्हणून सामान आत घ्यायच्या आधी प्रत्येकाच्या नावाची पोच मागायची. वॉचमनचं तसंच. खासगी सुरक्षा एजन्सीच्या २००५ च्या कायद्याने गार्डच्या चारित्र्याची पडताळणी एजन्सीने आधी करायची असते. कायम गार्डची ती झालेली असते, पण सुट्टीच्या दिवशी बदली येणाऱ्याची राहून जाते. बदली गार्डची यादीही फोटोसकट मागून घ्या.

आता कॅमेरे. खरी मेहनत इथे आहे, कारण पोलीस पहिल्यांदा फुटेजच मागतात. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ मध्ये (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) साधारण २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) रेकॉर्ड करत असेल, तर दिवसाला २१ जीबीच्या वर जागा खातो. १६ कॅमेऱ्यांचे ३० दिवस म्हणजे १० टीबीहून जास्त. ‘महिनाभर टिकेल’ म्हणत ४ टीबीची डिस्क बसवून दिली जाते आणि बाराव्या दिवशी जुनं पुसलं जातं. चोरी पंधरवड्याने लक्षात आली की हाती काहीच नसतं. गेटवरचा उंच खांबावरचा कॅमेरा गाडीचं टप दाखवतो, रात्री हेडलाइटने नंबर प्लेट पांढरी पडते. नंबरसाठी वेगळा कॅमेरा हवा: बॅरियरपाशी, कमी उंचीवर, थोडा बाजूला, शटर स्पीड वाढवलेला. रेकॉर्डरचं घड्याळ इंटरनेटच्या वेळेशी जोडा. तरीही कॉपी काढताना मोबाइलची आणि रेकॉर्डरची वेळ शेजारी शेजारी लिहून ठेवा.

फुटेज देताना स्क्रीनचं मोबाइलवर शूटिंग चालत नाही. व्हॉट्सअॅपवर तर क्लिप दाबली जाते आणि मूळ फाइल राहत नाही. मूळ फाइल पेनड्राइव्हवर द्यायची. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग ‘अ’ यंत्रणा सांभाळणाऱ्याचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेला ओळख-क्रमांक, लिहायची असते. फाइल उघडून पुन्हा सेव्ह केली की ही व्हॅल्यू बदलू शकते, म्हणून कॉपी काढली की ती लगेच नोंदवून घ्या. पेनड्राइव्ह दिल्याची पोच घ्या. सदस्यांच्या ग्रुपवर फुटेज अजिबात टाकू नये; संशयित सावध होतो आणि निरपराध माणूस बदनाम होतो.

गेटच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत ११२ आणि सायबर फसवणुकीसाठी १९३० लावा. रात्री १० नंतरच्या लाउडस्पीकरसाठी पोलिसांना जरूर बोलवा. थकीत मेंटेनन्स, पार्किंगचं वाटप मात्र त्यांच्याकडे नेऊ नका. ते सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडचे आणि सभेतले विषय. त्यासाठी सारखे फोन गेले की खऱ्या फोनची किंमत घटते.

दिवाळीत आणि मे महिन्यात बंद राहणाऱ्या घरांची, तसंच एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी त्यांच्या संमतीने करून बीट अंमलदारांना हातात द्यायची. यादीत फ्लॅट नंबर, तारखा आणि नातेवाइकाचा एक फोन पुरे. नोटीस बोर्डवर ती लावायची नाही, आणि लोक परतले की समन्वयकाने त्याच दिवशी बीटला कळवून नाव खोडायचं.