पांढरी चारचा गंधार

भाद्रपदात कोकणातल्या वाडीवर पेटी (हार्मोनियम) नसलेलं घर सापडेल. पेटी ऐकू न येणारं घर मिळणं कठीण. त्या पेटीत श्रुती (सुरांच्या बारीक पायऱ्या) बावीस नसतात, सूर बाराच, आणि त्यातला गंधार, म्हणजे ‘ग’, जरा चढाच. आरतीत तो कुणाला टोचत नाही. शेजारी तंबोरा लागला की उघडा पडतो.

तंबोरा लावणं हेच पावसाळ्यात काम. दमट हवेनं खुंट्या फुगून बसतात (ऑक्टोबरच्या उन्हात त्याच सुटायला लागतात, मग खडू लावा). आधी जोड (मधल्या दोन षड्जाच्या तारा), मग खर्ज (खालच्या षड्जाची तार) आणि पंचम, बारीकसारीक फरक तारेतल्या मण्यांवर. शेवटी घोडीवरचं सूत केसभर सरकवायचं, जव्हारी, म्हणजे तारेचा भरलेला गुंजता नाद, बोलेपर्यंत. काळी एकचा (पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून लावलेला) खर्ज सेकंदाला ६९.३ कंपनं घेतो. जव्हारी नीट असली की त्यातूनच पाचपट कंपनांचा, ३४६.५चा गंधार उमटतो. त्याची तार कुणी लावलेली नसते. पेटीवर त्या जागी चौथी पांढरी पट्टी, पांढरी चार: ३४९.२. दोन्ही एकदम वाजले की आवाज सेकंदाला पावणेतीन वेळा फुगतो नि ओसरतो. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर फरक जेमतेम १४चा. ८१/८० ही प्रमाणश्रुती, श्रुतींमधलं सर्वात लहान अंतर, तीसुद्धा साडेएकवीसची! पंचमाचं भांडण त्यामानाने किरकोळ, दोन सेकंदांत एखादा हेलकावा.

मग डबलबारीत (दोन भजनी बुवांच्या सामन्यात) हे का जाणवत नाही? एक हेलकावा पुरा व्हायला सेकंदाचा तिसरा हिस्सा तरी लागतो. गजर चढला की सूर त्याआधीच पुढे पळालेला असतो, वर झांजांचा गदारोळ. आणि तंबोरा असतो कुठे तिथे?

कुणी सुचवतं, रीड घासून घ्या. पितळी रीडचं टोक खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. पांढरी चारची रीड मुळाशी घासली, गंधार मिळाला, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी पांढरी दोन षड्ज धरणारा गवई येतो. आता तीच रीड कोमल गंधार झाली, आणि हा गंधार १६ सेंट वर हवा होता. आपण १४ खाली आणून ठेवलाय. घोळ ३० सेंटचा, म्हणजे आधीच्या १४च्या दुपटीहून जास्त. स्केलचेंजरही इथे उपयोगाचा नाही. तो पट्ट्या सरकवतो, रीड आहेत तिथेच.

जाणता पेटीवाला म्हणूनच रीडच्या वाटेला जात नाही. गवई गंधारावर ठेहराव घेऊन थांबला की तो भाता हलका करतो, बोट उचलतो आणि गुपचूप षड्जावर जाऊन बसतो.