वाल्याचा वाल्मिकी, तोही तीन अंकांत

खलनायक सुधारला रे सुधारला की कॉमिक्स वाचणाऱ्यांचे लगेच दोन तट पडतात. एक गट म्हणतो, चांगलंय ना, सुधारू द्या की बिचाऱ्याला. दुसरा म्हणतो काही नाही हो, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, बघालच तुम्ही, परत मूळपदावर येणार. आणि गंमत अशी की दुसरा गट जवळजवळ कायम बरोबर ठरतो, तरी पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी अंक घ्यायला पळणारेही हेच लोक असतात.

आता २०१४ चा मार्व्हल कॉमिक्सचा ॲक्सिस घ्या. मुख्य मालिका नऊ अंकांची, लेखक रिक रेमेंडर, आणि भोवती टाय-इनचा, म्हणजे त्याच कथेला जोडून काढलेल्या वेगळ्या अंकांचा, नेहमीचा पसारा. रेड स्कल ह्या खलनायकाने दुसऱ्यांची मनं वाचणाऱ्या प्रोफेसर झेवियरचा मेंदू ढापलेला असतो, त्याचा होतो रेड ऑनस्लॉट, त्याला आवरायला हिरोंमधली जादूगारीण स्कार्लेट विच आणि खलनायक डॉक्टर डूम मिळून मंत्र टाकतात आणि त्याचा परिणाम असा की जेनोशा बेटावर हजर असलेली बरीच मंडळी आतून उलटी होतात. टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, पक्का हलकट होतो आणि कार्नेज, हॉबगॉब्लिन, सेबरटूथ वगैरे खलनायक एकदम सज्जन.

वाचकांची चिडचिड इथूनच सुरू झाली आणि मला ती पटते. ह्यात सुधारला कोण? आपल्या वाल्याने माणूस मारला की रांजणात एक खडा, असे सात रांजण भरले, मग नारद भेटला, मग घरी जाऊन बायकोपोरांना विचारलं की पापात वाटेकरी होता का, ते नाही म्हणाले, मग तप करता करता अंगावर वारूळ चढलं, तेव्हा कुठे वाल्मिकी. इथे ना खडा ना वारूळ, नुसता मंत्र, आणि तोही दुसऱ्याच कामासाठी म्हटलेला! वर प्रत्येक टाय-इन अंकाला ३.९९ डॉलर मोजायचे, आणि मंत्र उतरला की सगळं होतं तसं होणार हे शेंबड्या पोरालाही माहीत.

पण तरीही मी म्हणेन की मुख्य मालिकेपेक्षा दोन टाय-इन जास्त मजेदार आहेत, कारण त्यांनी सुधारण्याचा आव फारसा आणलाच नाही, चांगुलपणा अंगावर पडलाय तर आता त्याचं करायचं काय ह्या गोंधळावरच सगळी गोष्ट उभी केली. कार्नेज म्हणजे क्लेटस कॅसडी, सीरियल किलर, लाल सिंबायोट, म्हणजे परग्रहावरचा चिकटणारा जीव, अंगावर, दया वगैरे शब्द त्याच्या गावाला नाहीत. आता त्याला हिरो व्हायचंय पण हिरो करतो काय हे कुणी शिकवलेलंच नाही, मग हा पठ्ठ्या एका पत्रकार बाईला उचलून नेतो, का, तर हिरोगिरी म्हणजे काय ते समजावून सांग म्हणून. नियत साफ आणि पद्धत अपहरणाची. मला हे फार खरं वाटलं, नव्याने चांगले झालेले लोक असेच असतात, सभोवतालच्यांना जीव नको करून सोडतात.

आणि हॉबगॉब्लिन तर विचारूच नका. केविन शिनिकने लिहिलेले तीन अंक, हाविएर रॉड्रिगेझची चकचकीत रंगीत चित्रं. हॉबगॉब्लिन म्हणजे रॉडरिक किंग्सली, मूळचा फॅशनच्या धंद्यातला माणूस. (१९८३ ला हॉबगॉब्लिन आला आणि मुखवट्यामागे किंग्सली होता हे नक्की व्हायला १९९७ उजाडलं, मधल्या काळात नेड लीड्स ह्या पत्रकाराच्या नावावर खपवून झालं होतं, ते एक वेगळंच महाभारत आहे.) तर हा किंग्सली ह्याआधी काय करत होता, तर खलनायकांची फ्रँचायझी चालवत होता. जुनेपाने पोशाख, हत्यारं भुरट्या चोरांना द्यायची आणि कमाईत कट घ्यायचा. मंत्राने तो सज्जन झाल्यावर काय करतो? हिरोंची फ्रँचायझी चालवतो! सोबत मर्चंडाइज, सोबत लोकांना आयुष्य बदला म्हणून उपदेश. दुकान तेच, फक्त पाटी बदलली. माझा एक मित्र म्हणतो की ह्याला सुधारणा म्हणणं म्हणजे वाचकाला वेड्यात काढणं आहे, मी म्हणतो अरे हीच तर गंमत आहे, मंत्राने माणसाचा स्वभाव फिरला पण धंद्याची सवय तशीच राहिली. ह्यावरून आमची अजून जुंपते.

कार्नेजवरून तर जास्तच. मुख्य मालिकेच्या शेवटाकडे जीन बाँब, म्हणजे म्युटंट नसलेल्या सगळ्यांना मारणारा बाँब, फुटायची वेळ येते आणि कार्नेज स्वतःला त्यावर झोकून देतो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ह्याने मरायचीही तयारी दाखवली. त्यावर काही वाचकांचा युक्तिवाद असा की चांगुलपणा मंत्राचा असेल पण उडी त्याची स्वतःची होती. पूर्वी मार्व्हलच्या अंकात पत्रांची पानं असायची आणि एखाद्या वाचकाने कथेतली चूक ही चूक नाहीच असं झकास पटवून दिलं की नो-प्राइझ मिळायचं, म्हणजे घरी रिकामा लिफाफा यायचा, वर अभिनंदन छापलेलं. ह्या युक्तिवादाला मी तसला एक लिफाफा नक्की दिला असता. बाकी कार्नेज वाचला हे सांगायला नकोच, आणि २०१५ ला त्याची मालिका आली तेव्हा गडी पुन्हा खुनाच्या कामाला लागलेला. सेबरटूथ मात्र मंत्र उतरल्यावरही चांगलाच राहिला आणि पुढे अनकॅनी ॲव्हेंजर्स ह्या हिरोंच्या टीममध्ये वावरला, म्हणजे पहिल्या गटालाही थोडं तोंड राहिलं.

मंत्राबिंत्राची भानगड नको असेल तर मी लोकांना १९९७ च्या थंडरबोल्ट्सकडे पाठवतो. लेखक कर्ट ब्युसिक, चित्रकार मार्क बॅगली. ॲव्हेंजर्स आणि फँटॅस्टिक फोर ह्या हिरोंच्या टीम मेल्यात असं सगळं जग धरून चाललंय, न्यूयॉर्कला वाली नाही आणि अशात एक नवी कोरी हिरोंची टीम उगवते. पहिल्या अंकाच्या शेवटी कळतं की हे तर बॅरन झेमोची खलनायकांची टोळी, मास्टर्स ऑफ ईव्हिल, मुखवटे बदलून आलेत, लोकांचा विश्वास कमवायचा आणि मग जग ताब्यात घ्यायचं असा डाव. पण लोक टाळ्या वाजवतात, पोरं सह्या मागतात, आणि त्यातल्या दोघातिघांना ते आवडायला लागतं हो! मेलिसा, म्हणजे सॉन्गबर्ड, आधीची स्क्रीमिंग मिमी, हिला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी चांगलं म्हणतंय. झेमोच्या मनातही आलं नव्हतं की नाटक करता करता नट बिघडतील.

पुढे तिरंदाज हॉकआय त्यांचा पुढारी होतो, आणि तो स्वतः कोण, तर १९६४ मध्ये आयर्न मॅनच्या विरोधात आलेला आणि पुढच्याच वर्षी ॲव्हेंजर झालेला माणूस, म्हणजे रांगेतला जुना गिऱ्हाईक. तो येतो आणि टीममधल्या एबला, म्हणजे जो आधी बीटल नावाचा खलनायक होता त्याला, सांगतो की तुझ्यावर खुनाचा गुन्हा आहे, आधी तुरुंगात जा. एब जातो. मेलिसाशी नुकतं कुठे जुळलेलं असताना जातो. ह्या प्रसंगावर वाद घालणारा वाचक मला अजून भेटलेला नाही, पीळवाले सुद्धा इथे गप्प.

तर वाचणार असाल तर आधी थंडरबोल्ट्सचे सुरुवातीचे अंक, मग हॉबगॉब्लिनचे तीन, मग कार्नेजचे तीन. पूर्ण ॲक्सिस वाचायचाच असेल तर जरूर वाचा, मी कोण अडवणारा, फक्त सहाव्या-सातव्या अंकापाशी सध्या कोण कुठल्या बाजूला आहे हे मला विचारायला येऊ नका.