वर्गीकृत सामग्रीचा मध्यक: माझा अनुभव

मध्य (सरासरी) आणि बहुलक (सर्वांत जास्त वेळा येणारी संख्या) मला एकाच बैठकीत समजले होते. वर्गीकृत, म्हणजे गटांत मांडलेल्या, सामग्रीचा मध्यक (चढत्या क्रमात मधोमध येणारी किंमत) काढण्याची वेळ आली तेव्हा मात्र मी तीन आठवडे एकाच सूत्रापाशी अडून राहिले, आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही; सूत्र असेच का, असे विचारले की ‘सूत्र पाठ करा, आपोआप जमेल’ एवढेच उत्तर मिळत असे.

मी वारंवार चुकवलेले उदाहरण असे होते: ०-१०, १०-२०, २०-३०, ३०-४० आणि ४०-५० या वर्गांच्या वारंवारता (प्रत्येक वर्गात किती प्राप्तांक, म्हणजे नोंदलेल्या संख्या, आहेत ते) अनुक्रमे ५, ८, १५, १६ आणि ६, म्हणजे एकूण ५० प्राप्तांक. त्यांचे निम्मे २५. संचित वारंवारता (त्या वर्गापर्यंतच्या वारंवारतांची बेरीज) ५, १३, २८, ४४, ५० अशी वाढत जाते आणि २५ वा प्राप्तांक २०-३० या वर्गात येतो, म्हणून तो मध्यक वर्ग. (१६ ही सर्वांत मोठी वारंवारता पाहून ३०-४० हा वर्ग निवडू नये, तो बहुलकाचा वर्ग आहे.) इथवर माझे बरोबर येई. पुढचे सूत्र असे: मध्यक = मध्यक वर्गाची खालची सीमा + [(एकूणाचे निम्मे − आधीच्या वर्गाची संचित वारंवारता) ÷ मध्यक वर्गाची वारंवारता] × वर्गाची रुंदी. त्यात संचित वारंवारतेच्या जागी मी त्याच वर्गाची २८ लिहीत असे आणि उत्तर १८ येई. वहीत फुली मिळे, तिचे कारण कोणी लिहीत नसे.

शेवटी मी सूत्र बाजूला ठेवले आणि सगळे प्राप्तांक चढत्या क्रमाने एका रांगेत आहेत असे मानले. २० या सीमेपर्यंत १३ प्राप्तांक मागे पडतात, म्हणजे २५ पर्यंत पोहोचायला आणखी १२ हवेत. या वर्गातले १५ प्राप्तांक १० एककांच्या रुंदीत सारखे पसरलेले आहेत असे गृहीत धरले, तर १२ प्राप्तांकांसाठी ८ एकक पुढे जावे लागते. २० अधिक ८, मध्यक २८. आधीच्या वर्गाचीच संचित वारंवारता का वजा करायची, हे त्या दिवशी उमगले आणि फार मोकळे वाटले. पाठ केलेले सूत्र मी विसरत असे, ही रांग आजतागायत विसरलेले नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: वर्ग १०-१९, २०-२९ असे तुटक असतील, तर ते प्रथम ९.५-१९.५, १९.५-२९.५ असे सलग करून घ्यावेत, नाहीतर खालची सीमाच चुकते. शिवाय उत्तर मध्यक वर्गाच्या दोन सीमांच्या आत आहे ना, हे दर वेळी पाहावे. तेवढे पाहिले असते, तर ते १८ मी स्वतःच खोडले असते.