कुणी लावलं?

रविवार, रात्री

आज नखांना रंग लावून घेतला. रंग गडद निळा. ट्यूबलाइटखाली काळाच वाटतो, उन्हात हात धरला की निळा कळतो. वर मॅट टॉपकोट. नखं अगदी आखूड, कोपरे किंचित गोल. मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण उद्या जो तो आपापल्या परीनं याचं वर्णन करणार.

आमच्याकडं बेळगावात, टिळकवाडीत जेन्ट्स सलून चिकार. तिथं फेशियल होतं, ब्लीच होतं, लग्न ठरलेल्या पोरांचे पायसुद्धा घासून देतात, खरं नखाला रंग लावा म्हटलं की कात्री जागच्या जागी थांबते. लेडीज पार्लरच्या दाराला 'फक्त महिलांसाठी' अशी पाटी. ती मला रास्तच वाटते, बायकांना एक तरी जागा निवांत असावी. उरला नेल स्टुडिओ. फोनवर पोरीनं विचारलं, "मॅडमसाठी काय?" म्हटलं, "नाही, माझ्यासाठी." "बरं, चारला या." एवढंच. मी मनात तयार केलेलं सगळं भाषण वाया गेलं.

"कै कोडी, अण्णा," हात द्या, म्हणत तिनं हात पुढं ओढला आणि जरा वेळ नुसती बघतच राहिली. उद्यमबागेतल्या कारखान्यात कास्ट आयर्नच्या जॉबवर काम करणाऱ्याची नखं म्हणजे काय, हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं असावं. या लोखंडात ग्रॅफाइट असतं, त्यामुळं त्याची धूळ नुसती मळासारखी बसत नाही, शिसपेन्सिलीगत रेघांत भरते. साबणानं जात नाही, रॉकेलनं जात नाही. त्यात दिवसभर कूलंट, कापताना गार ठेवायला सोडतात ते तेलपाणी. हात ओला, वाळला, परत ओला, परत वाळला. नखांचे पदर टोकाशी सुटायला लागतात ते त्यामुळंच.

तिनं कोमट पाण्यात बोटं बुडवून ठेवली. मग लाकडी काडीनं नखाच्या बुडाची कातडी हळूहळू मागं सारली. कापली नाही. मला वाटायचं कापतात. "कापायची नाही अण्णा, तिथनंच पिकतं." म्हणजे मशीनच्या ऑइल सीलचंच काम म्हणायचं: बाहेरचं आत जाऊ द्यायचं नाही. हे ऐकल्यावर मला त्या पांढऱ्या पातळ पट्टीबद्दल एकदम आदर वाटायला लागला. इतकी वर्षं दातानं सोलत होतो तिला.

उजव्या अंगठ्यावर पाना निसटून लागलेल्याची आडवी खोक आहे. आधी ती बुडाशी होती, आता मधोमध आली. नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, तेव्हा ती टोकाला पोचून कापली जायला अजून दोन-तीन महिने. पोरगी म्हणाली, बफरनं जास्त घासू नको, पातळ होईल, बेस कोटनं जरा भरून निघेल. सरफेस फिनिश बघायची सवय माझी, पण तिचा हात बघून गप बसलो. कानस एकाच दिशेनं. ब्रश बाटलीच्या तोंडाला पुसून एक पट्टा मधून, एक डावीकडून, एक उजवीकडून. कातडीपासून केसभर जागा सोडायची, शेवटी नखाच्या कडेवरून ब्रश फिरवायचा, म्हणजे टोकाला टवका लवकर उडत नाही. पातळ कोट दोन. जाड एकच ओढला तर वरनं वाळतो आणि आत ओला राहतो, मग पांघरुणाची नक्षी त्यावर उठते.

आणि वास! डोळे मिटले असते तर पेंटिंग सेक्शनमध्येच बसलोय वाटलं असतं. साध्या नेलपॉलिशमध्ये नायट्रोसेल्युलोज असतं. आमच्याकडं एनसी पेंट म्हणतात ते त्याच जातीचं. 1920 च्या दशकात मोटारगाड्या याच लॅकरनं रंगवायला लागले. गॅरेजमध्ये गनमधनं लिटरभर उडवलं की तो पुरुषाचा धंदा, आणि इवल्याशा ब्रशानं चार थेंब लावले की बायकी. असो.

सोमवार

पहिल्या चहापर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. मग माप घ्यायला व्हर्नियर मागितला आणि देणाऱ्याचा हात अर्ध्यात थांबला.

"भाचीनं रंगवलं काय रे?"

"नाही."

"मग पैज हरलास?"

"नाही की."

कॅन्टीनमध्ये आणखी दोघं-तिघं. एकाला वाटलं बुरशी झाली असेल, डॉक्टरनं औषध दिलं असेल. एकानं हळूच विचारलं, नवस-बिवस बोललास काय सौंदत्तीला. चेष्टा नव्हती, खरोखरच्या काळजीनं विचारत होता. सगळे माझ्यासाठी दार उघडून धरून उभे. एकाला जरी हो म्हटलं असतं तरी विषय मिटला असता.

"लावून घेतलो. पैसे देऊन."

"कशाला?"

"आवडलं म्हणून."

यावर मात्र कुणाकडं काही बोलायला नव्हतं. सगळे एकदम चहाकडं बघायला लागले.

रात्री आडवा झाल्यावर डोक्यात तेच. पुरुषाच्या हाताला रंग चालत नाही असं आपल्याकडं कुठं आहे? मावशीच्या पोराच्या लग्नाला निपाणीत आम्ही त्याचे दोन्ही तळवे मेंदीनं भरले, नावासकट. खडे बाजारातल्या एका चाचांची करंगळी मेंदीनं कायम लाल. आणि मतदान! 7 मे 2024 ला लोकसभेला अख्ख्या मशीनशॉपनं डाव्या हाताची तर्जनी वर करून फोटो काढले. ती शाई आपल्याच कर्नाटकात, म्हैसूरच्या सरकारी रंगाच्या कारखान्यात होते, 1962 च्या निवडणुकीपासून. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट. कातडीवरचा डाग काही दिवसांनी जातो, नखावरचा नख वाढून कापलं जाईपर्यंत राहतो. मेंदीचंही तेच, नखाच्या केराटिनला धरून बसते.

म्हणजे महिनोन्‌महिने निघत नाही ते चालतं, आणि रिमूव्हरच्या बोळ्यानं पाच मिनिटांत जातं त्यावर हरकत. कारण शाई सरकारनं लावली, मेंदी घरच्यांनी, हळद पाहुण्यांनी. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेले जोगप्पा साडी नेसून, बांगड्या भरून, कपाळाला भंडारा लावून दारात आले की आमचा फोरमन चप्पल काढून वाकतो. तिथं देवीनं लावलेलं असतं. (त्याच जोगप्पाला पौर्णिमा सोडून इतर वेळी भाड्यानं खोली द्यायला कोण तयार होतं, ते वेगळंच.) दुसऱ्या कुणीतरी लावलेलं असलं की पुरुषाच्या अंगावर काहीही चालतं. त्याचं त्यानं, हौसेनं लावलेलं तेवढं चालत नाही.

बुधवार

एका मुद्द्यावर मात्र सुपरवायझरचं ऐकून घेतलं. "सेफ्टीचं काय?" जॉब धरून फिरणाऱ्या चकजवळ अंगठी, कडं, हातमोजा काहीच नको, हे मीच नव्या पोरांना शिकवतो. वाढवलेली नखं, वरनं चिकटवलेली नखं तर अजिबातच नकोत. पण माझी नखं बोटाच्या पुढं नाहीत, आणि रंगाचा पापुद्रा काही चकमध्ये अडकत नाही. त्यांनी माझा हात उलटा-सुलटा करून बघितला, "खरं आहे," म्हणाले आणि गेले. मला एवढीच अपेक्षा होती.

टिकण्याच्या बाबतीत हाल आहेत. जॉब पुसायला थिनर घेतलं की तर्जनीची कड विरघळलीच. साहजिकच, वाळलेला साधा रंग त्याच्या सॉल्व्हंटमध्ये परत विरघळतो. जेलचं तसं नाही. तो दिव्याखाली जाळं धरून पक्का होतो, काढायला असिटोनमध्ये गुंडाळून बसावं लागतं. मोह झाला. पण जेल न वाळलेला कातडीला परत परत लागला तर ॲलर्जी होते आणि ती पुढं आयुष्यभर पिच्छा सोडत नाही. काही जेलमधलं टीपीओ नावाचं रसायन युरोपीय संघानं 1 सप्टेंबर 2025 पासून बंदच केलंय. माझ्या हाताला कूलंटचा त्रास आधीच पुरे. साधाच बरा. टवका उडाला की घरी टचअप.

त्यासाठी बाटली घ्यायला गणपत गल्लीत गेलो. दुकानदारानं "वहिनींसाठी?" म्हणत गुलाबी पुढं केली. हात दाखवला. त्यानं काही न बोलता निळ्यांचा ट्रे काढला आणि मॅटचे वीस रुपये जास्त लावले. व्यवहार म्हणावा तो असा.

गुरुवार

आई इतके दिवस गप होती. आज भाकरी थापता थापता विचारलं, "किती घेतली रे ती?"

सांगितलं.

"एवढ्यात चार बाटल्या आल्या असत्या की." परातीवर दोन थापा. "बरं दिसतंय तसं. नखं खायचंच बंद केलास, ते एक चांगलं झालं." मग थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "खानापूरच्या लग्नात कुणी विचारलं तर मी लावलं म्हणून सांग."

हसू आलं आणि घशात काहीतरी अडकलंसुद्धा. माझ्या आईनं मला स्वतःचं नाव देऊ केलं. शॉपमधल्या कुणीही देऊ केलेल्या कारणापेक्षा ते भक्कम, कारण मामाची अख्खी फौज तिच्यापुढं तोंड उघडत नाही. तरी म्हटलं, "नको. मीच लावलो म्हणून सांगतो."

"सांग बाबा. मग मामी काय बोलली तर माझ्याकडं येऊ नको रडत."

ती बोलणारच. आणि तिथं सगळ्यांच्या बरोबर मलाही मेंदी लावायला बसवणार. नखांवर आधी रंग असला तर मेंदी नखात मुरत नाही म्हणतात, म्हणजे पॉलिश लग्नाच्या आदल्या शनिवारीच उरकायला पाहिजे. स्टुडिओत फोन केला, चारची वेळ मिळाली. लाल मेंदीशेजारी निळा भडक होईल काय, म्हणून विचारलं. पोरगी म्हणाली, राखाडी बघा अण्णा, नवीन आलाय.