आलं तेवढंच गेलं

महिन्याला ५०० जीबी डेटा मिळतो आणि पंधरा तारखेच्या आत तो संपतो, अशी काकांची तक्रार होती. मला बोलावण्याआधीच त्यांनी निदानही करून ठेवलं होतं. "पोरगा रात्र रात्र व्हिडिओ बघतो. त्याच्या फोनचं नेट बंद होईल असं काहीतरी करून द्या, म्हणजे झालं."

पोरगा अकरावीतला. दाराशी उभा होता, मान खाली. त्याचा फोन तीन आठवड्यांपासून कपाटावर ठेवलेला.

"फोन काढून घेतल्यापासून डेटा कमी लागतोय का?" मी विचारलं.

काका जरा थांबले. "नाही. पण मग दुसऱ्या कशावर तरी बघत असेल."

घरोघरचं इंटरनेट जोडणं आणि अडलं की बघायला जाणं हे माझं काम. डेटा लवकर संपतो ही तक्रार मला नवी नाही. बहुतेक वेळा कारण साधं असतं: फोटोंचा बॅकअप, मोठे अपडेट, सर्वांत स्पष्ट चित्रावर लावून ठेवलेला टीव्ही. इथेही तसंच काही निघेल असं धरून मी बसलो होतो. तेवढ्यात पोरगा पहिल्यांदा बोलला. "आणि दादा, कुठलीही साइट उघडली की 'मी रोबोट नाही'वर टिक करा म्हणते. चित्रं ओळखायला लावते. रोजच."

हे ऐकून मी सावध झालो. जास्त व्हिडिओ बघितल्यानं कुणी तुम्हाला रोबोट समजत नाही. साइट असं वारंवार विचारते, तेव्हा बहुधा त्या घराच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवर त्या घराला मिळालेल्या क्रमांकावरून, माणसाच्या हातून होणार नाहीत इतक्या विनंत्या गेलेल्या असतात.

माझा पहिला संशय टीव्हीला जोडलेल्या अँड्रॉइड डब्यावर गेला. त्याला कारणही होतं. अमेरिकेच्या एफबीआयनं जून २०२५ मध्ये 'बॅडबॉक्स २.०' नावाच्या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. टीव्हीचे डबे, प्रोजेक्टर, डिजिटल फोटोफ्रेम अशा वस्तूंमध्ये छुपं सॉफ्टवेअर बसवून लोकांच्या घरचं इंटरनेट परस्पर वापरलं जात होतं, असं त्यात म्हटलं होतं. मी राउटरचं पान उघडलं. या राउटरमध्ये प्रत्येक उपकरणाचा वेगळा हिशोब दिसायची सोय होती, हे आमचं नशीब. सगळ्यांत ती नसते. सहा दिवसांपूर्वी काकांनी राउटर बंद करून चालू केला होता, म्हणजे समोर दिसत होता तो सहा दिवसांचा आकडा.

टीव्हीचा डबा: आलेला डेटा ६१ जीबी, गेलेला १ जीबीसुद्धा नाही. बघणाऱ्याचा हिशोब असाच असतो. दाराबाहेरचा कॅमेरा नेमका उलट: आलेला जवळजवळ शून्य, गेलेला ७ जीबी. तो चित्रीकरण वर पाठवतो, तेव्हा तेही बरोबर. डब्यावरचा माझा संशय चुकीचा होता.

तिसऱ्या ओळीवर माझं बोट थांबलं. आलेला ५८.३. गेलेला ५७.१.

घरातलं कुठलंही उपकरण सहसा असं वागत नाही. कुणी बघतं, कुणी पाठवतं. आलं तेवढंच गेलं असं होतं ते वाटेवरच्या नाक्याला. एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर. मी काकांना विचारलं, "हे कुठलं यंत्र?" नाव लॅपटॉपचं होतं.

"तो माझा लॅपटॉप," काका म्हणाले. "पण तो मी आठवड्यातून दोनदा उघडतो. एरवी बंदच असतो."

लॅपटॉप टेबलावर होता. चार्जर लावलेला, पडदा काळा. मी टचपॅडला बोट लावलं आणि पडदा लगेच उजळला. यंत्र बंद नव्हतं. चार्जिंगला असताना झोपायचंच नाही, अशी सेटिंग कुणीतरी, किंवा कशानंतरी, करून ठेवली होती.

कुठले प्रोग्रॅम चालू आहेत ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला तर सगळं शांत. नेटवर्कच्या रकान्यात शून्य. दहा मिनिटं मी शोधत राहिलो, काही सापडेना. मग माझ्या फोनवर राउटरचं पान उघडं ठेवून लॅपटॉपवरून हात काढला आणि नुसता बघत बसलो. पोरगा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. बराच वेळ काही नाही. मग राउटरवरचा लॅपटॉपचा आकडा सरकायला लागला, आत आणि बाहेर, दोन्ही बरोबरीनं. मी कीबोर्डला हात लावला. आकडा थांबला.

"त्याला कळतं आपण आलोय ते," पोरगा हळूच म्हणाला.

विंडोजमध्ये डेटा वापराचं एक पान असतं. कोणत्या प्रोग्रॅमनं तीस दिवसांत किती डेटा वापरला ते तिथे दिसतं. आधी तिथेच बघायला हवं होतं. ब्राउझर होता २१ जीबीवर. त्याच्या वर, यादीत पहिलं, विंडोजच्याच एखाद्या भागासारखं वाटेल असं नाव: ३१२ जीबी. प्रॉपर्टीज उघडून फाइलचं ठिकाण बघितलं. विंडोजचे स्वतःचे प्रोग्रॅम बहुतेक सिस्टिम ३२ या फोल्डरमध्ये असतात. हा काकांच्या नावाच्या फोल्डरमध्ये, अ‍ॅपडेटाच्या आत दडलेला. तिथे काही बसवायला अ‍ॅडमिनची परवानगी लागत नाही.

यंत्र त्या क्षणी कुठल्या पत्त्यांशी जोडलेलं आहे ते नेटस्टॅट ही आज्ञा दाखवते. कमांड प्रॉम्प्टमध्ये दर मिनिटाला ती चालवून तिची नोंद फाइलमध्ये जाईल अशी दोन ओळींची सोय केली आणि आम्ही तिघंही खोलीबाहेर गेलो. अर्ध्या तासानं फाइल उघडली. एक जोडणी कायम एकाच पत्त्याशी, आणि तिच्या भोवतीनं दर मिनिटाला बदलणाऱ्या डझनावारी जोडण्या, बहुतेक ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे साइट उघडताना वापरतात त्या दारावर. म्हणजे कुणीतरी दुरून हुकूम देत होतं आणि काकांचा लॅपटॉप त्यांच्या वतीनं साइट उघडत होता. याला रेसिडेन्शियल प्रॉक्सी म्हणतात. घरगुती पत्त्यांवर साइट सहसा संशय घेत नाहीत, म्हणून ते विकले जातात. घेणारा दुकानांच्या किमती गोळा करत असेल, किंवा चोरलेले पासवर्ड कुठे चालतात ते तपासत असेल. घरमालकाला दोन्हींतलं काही कळत नाही, आणि माग काढत कुणी आलं तर ते त्याच्याच दारात येतं.

पोरानं विचारलं, "मग नेट स्लो कसं नाही झालं?" प्रश्न अगदी नेमका होता. दर सेकंदाला १ मेगाबिट हा वेग घरात कुणाला जाणवत नाही, पण तो दिवसभर चालू राहिला तर १०.८ जीबी होतात. इथे आलेला आणि गेलेला असा दोन्ही डेटा मोजला जात होता, म्हणजे त्याच्या दुप्पट.

ठरवलेली कामं आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये मूळ सापडलं. अटींच्या पानावर दोन खुणा: संगणक रिकामा असेल तरच सुरू करा, आणि रिकामा नसेल तेव्हा थांबवा. विंडोजनं चांगल्या कामासाठी दिलेली सोय. तिच्याआड हे इतके महिने लपून राहिलं होतं.

टास्क बनल्याची तारीख आठ महिन्यांपूर्वीची. त्याच दिवशी आणखी एक प्रोग्रॅम बसवला गेला होता, पीडीएफ जोडायचा, फुकटातला. काकांना आठवलं. पोराच्या प्रवेशाची कागदपत्रं एकाच फाइलमध्ये हवी होती. काम एकदाच होतं, झालं, विसरले. त्याच्या अटी मी उघडल्या आणि पोरगा वाकून वाचू लागला. खूप खाली एक ओळ होती, यंत्र रिकामं असताना त्याची 'साधनं भागीदारांसोबत वापरायला' संमती दिल्याची. काकांनी 'पुढे' दाबलं, तीच ती संमती. फाइलवर रीतसर डिजिटल सही होती, आणि अँटिव्हायरसनं चकार शब्द काढला नव्हता.

मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागानं '९११ एस५' नावाचं असंच जाळं मोडल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्यातल्या आयपी पत्त्यांचा आकडा १ कोटी ९० लाखांवर होता. फुकटच्या व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवर आपला पत्ता लपवायच्या प्रोग्रॅममधून, ते लोकांच्या संगणकांत शिरलं होतं. त्या प्रत्येक पत्त्यामागे कुठलंतरी घर असणार, आणि अशा घरात कुणा ना कुणावर आळ आला असणार, असं मला सारखं वाटतं.

काढून टाकायला फार वेळ लागला नाही. पीडीएफचा प्रोग्रॅम काढला तरी दुसरा तसाच राहिला, तो आणि त्याचा टास्क वेगळे काढावे लागले. तरी माझं मत असं, की असं काही सापडलं तर विंडोज नव्यानंच टाकावं. कागदपत्रं बाजूला काढून तेही केलं. नको असलेले प्रोग्रॅम अडवण्याची विंडोज सिक्युरिटीतली सेटिंग चालू केली, पासवर्ड बदलायला सांगितले, राउटरचे आकडे शून्यावर आणले.

हे सगळं होईपर्यंत काका खुर्चीत गप्प बसून होते. मी सामान आवरायला लागलो तसे ते उठले, स्टूल ओढलं, कपाटावरचा फोन खाली घेतला. त्यावर धूळ बसली होती. ती सदऱ्याला पुसून त्यांनी तो पोराच्या हातात दिला. "माझ्याच हातून झालं होतं रे," एवढंच म्हणाले.

पोरानं फोन चालू केला आणि मला विचारलं, "दादा, ते राउटरचं पान यावर कसं उघडायचं?"

मी दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मेसेज आला. त्या पानाचा फोटो, लॅपटॉपच्या ओळीवर लाल गोल. रात्रभरात आलेला ०.०३ जीबी, गेलेला ०.०१. खाली लिहिलं होतं, "झोपलाय."