वडगाव ते संगणकीय भौतिकशास्त्र : माझा अनुभव

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली बीएस्सीची मुलं हमखास विचारतात, "सर, फिजिक्समध्ये संशोधन करायचं तर एवढी महागडी उपकरणं आपल्याकडं कुठं आहेत?" मी त्यांना संगणकीय भौतिकशास्त्राकडं, म्हणजे पदार्थ कसा वागतो ते संगणकावर आकडेमोड करून शोधण्याकडं, बघायला सांगतो, कारण मी स्वतः त्याच वाटेनं आलो.

आमचं घर बेळगावच्या वडगावात, वडिलांचे माग होते. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढं सगळं इंग्रजीत, एमएस्सी धारवाडला. तिथं अनीसुर रहमान यांचं १९६४ मधलं काम कळलं. हैदराबादच्या या माणसानं अमेरिकेत आर्गॉनचे ८६४ अणू संगणकात घेतले, प्रत्येकावरचं बल काढलं, न्यूटनच्या नियमानं त्यांना कणभर पुढं सरकवलं आणि हेच पुन्हा पुन्हा करत द्रवाचे गुणधर्म मिळवले. आज तेवढे अणू साध्या लॅपटॉपवर चालतात. लॅम्प्स, क्वांटम एस्प्रेसो ही सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. माझं तिथंच ठरलं.

मधली अडचण नेटची, म्हणजे प्राध्यापकपद आणि संशोधन-फेलोशिप यांसाठीच्या राष्ट्रीय परीक्षेची. आपल्याकडच्या मुलांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. प्राध्यापकपदासाठी राज्यांच्याही परीक्षा असतात: कर्नाटकची के-सेट कर्नाटकापुरती, महाराष्ट्राची सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरती. आपल्याला धारवाड, कोल्हापूर, पणजी सगळंच जवळ, त्यामुळं नोकरी कुठं लागेल सांगता येत नाही. नेट देशभर चालते, म्हणून सगळा जोर तिच्यावरच लावावा असं माझं स्पष्ट मत आहे. भौतिकशास्त्राचा पेपर २०० गुणांचा, त्यातले १०० एकट्या पार्ट सीचे, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण कापतात. थोडेच प्रश्न घ्यायचे, पण शेवटपर्यंत सोडवायचे, या पद्धतीनं मला जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची फेलोशिप, मिळाली. फेलोशिप सुरू झाल्यावर घरून पैसे मागायची वेळ आली नाही. आमच्यासारख्या घरात यावरच पीएचडी होणार की नाही हे ठरतं.

पीएचडी पुण्यात केली. विषय होता सूक्ष्म छिद्रांत अडकलेलं पाणी. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "आलेख नंतर. आधी मला ऊर्जा दाखव." म्हणजे असं : बाहेरून उष्णता दिली-घेतली नाही तर एकूण ऊर्जा स्थिर राहायला हवी. पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध सुमारे नऊ-दहा फेम्टोसेकंदांत एकदा कंप पावतो (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग). तो मोकळा ठेवला तर पाऊल, म्हणजे अणूंना एका वेळी जेवढा काळ पुढं सरकवतो तो, अर्धा किंवा एक फेम्टोसेकंदाचंच घ्यावं लागतं. मी तीच फाइल पाऊल बदलून बदलून चालवायचो आणि एकूण ऊर्जेचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचायचो. पाऊल मोठं झालं की आकडे आधी शेवटच्या स्थानात हलतात, मग हळूहळू एकाच दिशेला सरकू लागतात. स्क्रीनवरचं चित्र मात्र तोवर सुंदरच दिसत असतं. या शाखेत माणूस घडतो तो आकड्यांवर असा संशय घ्यायला शिकल्यावर. प्रोग्रॅमिंग कुणालाही येतं.

महासंगणकावरचं काम रांगेत थांबतं, पण पाठवता कुठूनही येतं. दिवाळीत घरी आलो तरी वडगावातून लॉगिन करून जॉब लावायचो. खाली माग चालू, वर माझं पाणी चालू. आई विचारायची, "शाळा संपली की नाही रे अजून?"

पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधन, परदेशात झालं. ती वर्षं कामाची होती, पण मुदतीच्या नोकरीत पुढच्या वर्षाची चिंता सुटत नाही, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. परत आल्यावर मुलाखतींत एक प्रश्न बहुतेक ठिकाणी आला : "यात प्रयोग कुठं आहे?" मी पाण्याच्या विसरणाचा, म्हणजे त्याचे रेणू किती वेगानं पसरतात त्याचा, माझा आकडा आणि प्रयोगात मोजलेला आकडा शेजारी शेजारी मांडायचो, आणि दोन्हींत फरक का पडतो ते सांगायचो. एका मुलाखतीत त्यावरच अर्धा तास चर्चा रंगली. तीच नोकरी मिळाली, बेळगावातच. वर्गात निम्मी मुलं कन्नड बोलणारी, त्यामुळं बोलण्यापुरतं असलेलं माझं कन्नड लिहिण्या-वाचण्यापर्यंत नेलं. शिकवताना त्याचा फार उपयोग होतो.

शनिवारी दुपारी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बीएस्सीची मुलं येतात. त्यांच्याकडून आधी लिनक्स आणि पायथन करून घेतो, मग आर्गॉन. ऊर्जेचा रकाना वाचल्याशिवाय आलेख काढू देत नाही.