पडद्यावर न दिसणारा मावा

कपाशीच्या किंवा मोहरीच्या पानामागे चिकटून रस शोषणाऱ्या बारीक किडीला आपण मावा म्हणतो, आणि पानटपरीवर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात मळून जो ऐवज मिळतो त्यालाही मावाच म्हणतो. विल्यम फ्रीडकिन यांच्या ‘बग’ या सिनेमात पीटर नावाचा एक माणूस रात्री अंथरुणात उठून बसतो, दिवा लावून चादरीवर काहीतरी शोधतो आणि हा ‘ॲफिड’ आहे, म्हणजे आपल्या भाषेत मावाच, असे छातीठोकपणे सांगतो. सिनेमा नशेविषयी आहे हे मला ठाऊक होते, त्यामुळे हा शब्दयोग लक्षात येऊन मी एकटाच हसलो. ते हसू फार वेळ टिकले नाही.

‘बग’ मुळात नाटक आहे. ट्रेसी लेट्स यांनी लिहिलेले हे नाटक 1996 साली लंडनच्या गेट थिएटरमध्ये पहिल्यांदा झाले आणि त्यात पीटरची भूमिका मायकेल शॅनन या नटाने केली होती. पुढे न्यूयॉर्कमधल्या प्रयोगातही तोच होता आणि सिनेमातही तोच आहे. सिनेमा 2006 साली कान महोत्सवाच्या ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ या विभागात दाखवला गेला. खर्च सुमारे 40 लाख डॉलर, म्हणजे हॉलिवुडच्या हिशेबाने किरकोळच. 1973 साली ‘द एक्सॉर्सिस्ट’ काढून जगभरच्या प्रेक्षकांची झोप उडवणाऱ्या दिग्दर्शकाने तीन दशकांनंतर जवळजवळ सगळा सिनेमा एका खोलीत बसवावा, याचे मराठी प्रेक्षकाला फारसे आश्चर्य वाटू नये. एक दिवाणखाना, चार पात्रे आणि दारावरची थाप एवढ्या सामग्रीवर आपण पिढ्यानपिढ्या नाटके पाहत आलो आहोत.

ही खोली ओक्लाहोमा राज्यातल्या एका उजाड मोटेलमधली आहे. तिथे ॲग्नेस नावाची बाई राहते. ॲश्ली जड या अभिनेत्रीने ती असा काही थकवा अंगात आणून केली आहे की तिला पाहताना आपलेही खांदे दुखू लागतात. काही वर्षांपूर्वी दुकानात खरेदी करत असताना तिचा लहान मुलगा नाहीसा झाला आणि पुन्हा सापडला नाही. मारकुटा माजी नवरा तुरुंगातून सुटून आला आहे. खोलीतला फोन वाजतो आणि पलीकडून कोणी बोलत नाही. दारू आणि कोकेन यांच्या आधाराने ती दिवस ढकलते आहे, आणि अशात एक मैत्रीण पीटरला घेऊन येते. तो अबोल आहे, सभ्य आहे आणि तिच्याकडून काहीही मागत नाही. सिनेमाचा बराचसा पूर्वार्ध म्हणजे दोन एकट्या माणसांची हळुवार ओळख आहे, आणि पुढे काय होणार याची कल्पना असूनही आपल्याला ती हवीहवीशी वाटते.

लेट्स यांची खरी चलाखी अशी आहे की पीटरच्या संशयाला प्रत्येक ठिकाणी वास्तवाचा एक खिळा ठोकलेला आहे. खोलीत रातकिड्यासारखा आवाज येत असतो, तो शोधता शोधता धूर ओळखणाऱ्या यंत्रापाशी जाऊन थांबतो, आणि पीटर ते यंत्र काढून टाकतो, कारण त्यात किरणोत्सारी पदार्थ आहे. हे खोटे नाही. अशा बऱ्याच यंत्रांमध्ये अमेरिशियम-241 चा अगदी सूक्ष्म अंश असतो, जो भिंतीवर टांगलेला असताना कोणाला बाधत नाही. लष्कराने आपल्यावर प्रयोग केले, असे पीटर म्हणतो. त्याची कहाणी खरी की खोटी हे सिनेमा सांगत नाही, पण अमेरिकी लष्कराने मेरिलंडमधल्या एजवूड येथे 1955 ते 1975 या काळात सुमारे 7,000 सैनिकांवर एलएसडीसह अनेक रसायनांचे प्रयोग केले होते, हे कागदोपत्री सिद्ध आहे. संशयी माणसाशी वाद घालताना आपण हरतो ते इथेच. त्याच्या दहा विधानांपैकी दोन खरी निघतात, आणि उरलेली आठ त्या दोनांच्या खांद्यावर बसून येतात.

आता त्या गादीवरच्या प्रसंगाकडे परत येतो, कारण माझ्या मते सगळा सिनेमा तिथे आहे. पीटर किडा दाखवतो. ॲग्नेस वाकून पाहते आणि तिला काही दिसत नाही. कॅमेराही आपल्याला काही दाखवत नाही. एक सूक्ष्म कीड पडद्यावर दाखवायला कितीसे पैसे लागले असते? न दाखवण्याचा निर्णय काटकसरीचा नव्हे. आपण ॲग्नेसच्या चेहऱ्याकडे पाहत राहतो, आणि त्या चेहऱ्यावर ‘मला दिसत नाही’ आणि ‘मला दिसले नाही तर हा निघून जाईल’ या दोन गोष्टींची ओढाताण चाललेली असते. काही वेळाने तिलाही किडा दिसू लागतो. मला पुढच्या रक्ताची, ओरबाडलेल्या कातडीची आणि पकडीने उपटलेल्या दाताची भीती वाटली नाही असे नाही, पण या होकाराइतकी नाही.

याला कारण आहे. माझा एक मामेभाऊ काही वर्षे एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोनच्या, नादी लागला होता. मुंबई आणि आसपास हा पदार्थ बराच काळ सहज मिळत असे. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत तो 2015 साली आला. नशेबाज म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अजूनही ऐंशीच्या दशकातला गर्दुल्ला येतो, पुलाखाली पिनकेत मान टाकून बसलेला. ज्या गर्दमुळे, म्हणजे ब्राउन शुगरमुळे, 1986 साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले, ती गर्द माणसाला झोपवते. एमडी, कोकेन किंवा मेथ, म्हणजे मेथॅम्फेटामाइन, माणसाला झोपू देत नाही. माझा भाऊ तीन-तीन रात्री जागा असे, बोलण्यात तरतरीत असे आणि डोंबिवलीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात सतत काहीतरी दुरुस्त करत असे, त्यामुळे घरच्यांना सुरुवातीला उलट बरेच वाटले होते. पुढे त्याने स्वयंपाकघराच्या झडपेला वर्तमानपत्र चिकटवले. मग स्विचबोर्डावरच्या इंडिकेटरच्या बारीक लाल दिव्यावर चिकटपट्टी लावली, कारण त्यामागे कॅमेरा आहे असे त्याला वाटत होते. आणि एके दिवशी त्याने काडेपेटी उघडून माझ्यासमोर धरली. “दादा, बघ. दंडातून काढलेत.” आत कापसाचे दोन धागे होते, धुळीचा कण होता आणि जखमेची वाळलेली खपली होती. मी म्हणालो की यात काही नाही, आणि त्याने काडेपेटी ज्या सावकाशीने बंद केली ती अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी त्या क्षणी शत्रूपक्षात गेलो होतो.

मामी मात्र पाहून म्हणाली, “हो रे बाळा, दिसतायत.” नंतर ओट्याशी उभी राहून ती मला हळूच म्हणाली, “नाही म्हटलं ना, की तो माझ्याकडेसुद्धा तसाच बघायला लागतो.”

या काडेपेटीला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे हे मला फार उशिरा कळले. अंगावर किंवा अंगात किडे आहेत अशी ठाम समजूत झालेले रुग्ण पुरावा म्हणून डबीत किंवा काडेपेटीत असाच कचरा घेऊन डॉक्टरकडे येतात, आणि डॉक्टर त्याला ‘मॅचबॉक्स साइन’ असेच म्हणतात. स्वीडिश मेंदूतज्ज्ञ कार्ल ॲक्सेल एकबॉम यांनी 1938 साली अशा रुग्णांवर लिहिले, म्हणून या विकाराला त्यांचे नाव मिळाले. कोकेन आणि ॲम्फेटामाइन जातीच्या पदार्थांनीही कातडीखाली मुंग्या चालल्याचा भास होतो. लंडनमधले डॉक्टर फिलिप कॉनेल यांनी 1958 साली ॲम्फेटामाइनमुळे भ्रम जडलेल्या 42 रुग्णांची टिपणे प्रसिद्ध केली, तोवर यातल्या अनेकांना सरळ स्किझोफ्रेनियाचे रुग्ण समजले जाई, इतके चित्र सारखे असते. मेंदूतले डोपामिन एरवी कोणत्या गोष्टीकडे लक्ष द्यावे याची खूण करून देते. ते भरमसाट वाढले आणि वर झोपही नसली की प्रत्येक गोष्टीवर खूण पडते. पंख्याची करकर, मिस्ड कॉल, समोरच्या गच्चीतला माणूस, काहीच आपोआप घडत नाही. आणि हा भ्रम एका जिवलगाकडून दुसऱ्याकडे जातो, हे लासेग आणि फाल्रे या फ्रेंच डॉक्टरांनी 1877 सालीच लिहून ठेवले आहे. त्यासाठी दोघांनी एकमेकांच्या अगदी जवळ आणि जगापासून तुटून राहावे लागते. ॲग्नेस तशी राहत होती. मामीही जवळजवळ तशीच राहत होती, पण तिच्या दारावर रोज दूधवाला येई, शेजारीण येई, आणि मला वाटते त्यानेच ती वाचली.

सिनेमाच्या उत्तरार्धात ती खोली छतापासून जमिनीपर्यंत ॲल्युमिनियमच्या चकचकीत कागदाने मढवलेली दिसते, जागोजागी किडे मारण्याचे निळे दिवे लटकलेले असतात, आणि पोळ्या गुंडाळायच्या त्या कागदातून एक परग्रह उभा राहतो. कमी पैशांतले भय कसे निर्माण करावे याचा हा वस्तुपाठ आहे. तिथे ॲग्नेस एक लांबलचक भाषण करते, ज्यात हरवलेला मुलगा, नवरा, मैत्रीण, डॉक्टर आणि किडे हे सगळे ती एका दोऱ्यात ओवत जाते. प्रत्येक गाठ बसताना तिचा आवाज चढतो, आणि त्यात मला दुःखाहून अधिक सुटका ऐकू आली. मुलगा का गेला याला अखेर कारण मिळाले होते. अमेरिकेत जाहिरातींनी हा किड्यांचा भयपट म्हणून विकला, त्यामुळे प्रेक्षक चिडले, आणि चित्रगृहाबाहेर मते घेणाऱ्या सिनेमास्कोर या संस्थेच्या पाहणीत त्याला थेट ‘एफ’ ही सर्वांत खालची श्रेणी मिळाली. तिकीट काढून किडा न दिसलेल्या माणसाचा राग मी समजू शकतो.

याच गोष्टीची उलटी बाजू पाहायची असेल, तर जस्टिन बेन्सन आणि ॲरन मूरहेड यांचा 2012 सालचा ‘रिझोल्यूशन’ पाहावा. हा सुमारे 20,000 डॉलरमध्ये झाला. मेथच्या आहारी गेलेल्या मित्राला एक जण रानातल्या मोडक्या घरात नळाला बेडी घालून आठवडाभर डांबतो, म्हणजे नशा उतरेल. गंमत अशी की विचित्र छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे सापडत जातात ती त्या शुद्धीवरच्या मित्राला, आणि बेडीतला नशेबाज मात्र पुष्कळदा शहाण्यासारखा बोलतो. पार्श्वसंगीत नावालाही नाही. मधला भाग थोडा रेंगाळतो आणि शेवट मला अर्धाच पटला, पण दोन मित्रांच्या शिवीगाळीतली माया इतकी खरी आहे की तेवढ्यासाठी मी तो दोनदा पाहिला. ‘बग’ दुसऱ्यांदा पाहायचे धैर्य मात्र अजून झालेले नाही.

मामेभाऊ आता बरा आहे. एका व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, नोकरी करतो. मी हे सगळे लिहितो आहे म्हटल्यावर त्याने कथा विचारली आणि मी ती जरा बिचकतच सांगितली. त्याने मध्येच एक प्रश्न विचारला, “शेवटी किडे दाखवलेत का?” मी नाही म्हणालो. “मग बनवणाऱ्याला माहितीय,” एवढे बोलून तो आत गेला आणि मामीला म्हणाला, “आई, दादा आलाय, चहा टाक.”